निरोगी नमुना

सुमितशेठला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. सुषमा शेवटी मऊ पडेल अशी कुणाची आशा असेल, तर ती इथंच सोडा.

माझा भाऊ रविराज वारला, त्याच्या दहाव्याला हा माणूस आमच्या वडगाव रासाईला आला. आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी मांडव पडतो, महाराजांचं प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजलीसाठी माईक हातोहात फिरतो. सोसायटीचे चेअरमन, माजी सरपंच, पाहुण्यांतले एखादे मास्तर, सगळे दोन-दोन शब्द बोलतात. गेलेल्या माणसाला जिवंतपणी कधी चहा न विचारलेलेही बोलतात. त्या दिवशी पांढऱ्या गाडीतून सुमितशेठ उतरला, त्यानं माईक घेतला आणि भीमेच्या पलीकडे दौंडच्या हद्दीत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "रविराज गुणी कामगार होता. पण त्याच्या डोक्यात जन्मापासून दोष होता, हे आम्हाला उशिरा कळलं. तरी कंपनीनं त्याला शेवटपर्यंत सांभाळून घेतलं."

माझ्या आईनं, सखूबाईनं, डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला. रविराजची पोरगी शितल माझ्या मांडीवर होती. मागच्या रांगेतली एक बाई दुसरीच्या कानाला लागून म्हणाली, "म्हंजी पोरीतबी आसंल की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसला जन्मापासून दोष? रविराज लहानपणी भरल्या नदीत उडी टाकून पलीकडं निघायचा. शेठच्या कारखान्यात लागेपर्यंत त्याला कधी साधी भोवळ आली नव्हती. पण आमच्या गावात माईकवर बोललेलं खरं धरलं जातं, आणि तेही शेठ बोलला होता. उद्या शितलचं लग्न ठरवायला बसलो तरी समोरचा माणूस हेच काढणार. मी तिथं मांडवातच मनाशी बांधून घेतलं, की याच जागी, याच माईकवर हा माणूस आपले शब्द गिळेल. कसे गिळायला लावायचे ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

सणसवाडीत शेठच्या कारखान्यात गाड्यांचे लोखंडी पार्ट रंगवतात. रंग देण्याआधी पार्ट थिनरनं पुसून काढायचे, हे रविराजचं काम. शेड पत्र्याची. वास बाहेर ओढणारे पंखे बसवले होते, पण वीज खातात म्हणून ते साहेबलोक यायचे त्या दिवशीच फिरायचे. आधी रविराजच्या हातातून पाना सुटायला लागला. मग बोटं बधिर झाली. मग एक दिवस जेवता जेवता आकडी आली, आणि नंतर त्या थांबेचनात. पुण्याच्या हॉस्पिटलात त्याला ठेवलं होतं, तिथून तो परत आला नाही.

आता माझं काम सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. मी ज्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे ती शेठच्याच जागेत आहे, कारखान्याच्या पुढच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. त्यानं जागा दिली, म्हणून दारावर त्याच्या वडिलांच्या नावाची पाटी आहे. आमच्या पूनम मॅडम माणसाच्या रक्तातल्या पेशी घेतात आणि त्यांना पुन्हा कोवळ्या करतात. त्या पेशींतून काचेच्या भांड्यात मेंदूचे बारके गोळे वाढतात, मसुरीच्या दाण्याएवढे. त्यांना एक गुलाबी पाणी लागतं, ते दिवसाआड बदलायचं. दिवाळी असो नाहीतर गावची जत्रा, ते पाणी बदलायला मीच. काही महिन्यांनी ते गोळे बारीक तारांच्या जाळीवर ठेवले की त्यांच्यातली वीज टिपता येते. स्क्रीनवर रेघा उड्या मारतात. मॅडमनी त्याला एक स्पीकरही जोडलाय, त्यातून तडतड ऐकू येते. गोळा ठीक असला की तडतड चांगली येते, औषधानं नाहीतर विषानं तो दबला की ती विरळ होते. त्याला कळत काही नाही, दुखत काही नाही, तो माणूस नव्हे, हे मॅडम येईल त्याला पहिल्यांदा सांगतात.

रविराज हॉस्पिटलात असताना मीच त्याचं रक्त काढून लॅबमध्ये आणलं होतं. डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं, मॅडम म्हणाल्या बघू या. रविराज हसला होता. म्हणाला, "घे की. माझं डोकं तुझ्या बरणीत राहूंदी, घरात तरी कुटं चालतंय." तो गेला, तरी त्याचे गोळे वाढत होते. मी पाणी बदलत होते.

अशा प्रत्येक तपासणीला शेजारी एक निरोगी नमुना लागतो. आजारी माणसाच्या पेशी कशा वागतात हे कळायला धडधाकट माणसाच्या पेशी बाजूला ठेवाव्या लागतात. आमच्या लॅबचा निरोगी नमुना कोणाचा, हे फक्त मॅडमना आणि मला माहीत होतं. उद्घाटनाच्या दिवशी नारळ फुटला, फीत कापली, शाल-श्रीफळ झालं, आणि समोर फोटोवाले बघून सुमितशेठनं बाही वर केली. "पहिलं रक्त माझं. माझ्याएवढा निरोगी माणूस तुम्हाला शिरूर तालुक्यात मिळायचा नाही." मॅडमना तसाही एक निरोगी माणूस हवाच होता. त्यांनी त्याच्या सगळ्या तपासण्या केल्या, सही घेतली, आणि तो खरोखरच ठणठणीत निघाला. फोटो छापून आला आणि शेठ ते विसरून गेला. मी विसरले नाही. ज्या माणसाचं तोंड बघायची मला इच्छा नव्हती, त्याच्या मेंदूच्या गोळ्यांना मी दिवसाआड भरवत होते.

दहाव्यानंतर काही महिन्यांनी इनुस माझ्याकडे आला. इनुस दौंडचा, त्याचे वडील रेल्वेत होते. सणसवाडीत तो आणि रविराज एकाच खोलीत भाड्यानं राहायचे, एकाच शेडमध्ये काम करायचे. मी त्याला चहा दिला, तर कप त्याच्या बोटांतून निसटला आणि फरशीवर फुटला.

"ताई, माज्याबी हातातनं पाना सुटतोय," तो म्हणाला. "रविराजचं आसंच सुरू झालं व्हतं."

मग मी गळ टाकला. शेठ जिना उतरत होता, मी वर चढत होते. अगदी गोड बोलले. "शेठ, रविराजच्या मेंदूच्या पेशी वरती वाढतायत. त्यांच्यात दोष होता की नव्हता, ते आता मशीनवर कळेल."

शेठचे डोळे चमकले. त्याचा माल उचलणाऱ्या मोठ्या कंपनीला कामगार मेल्याची कुणकुण लागली होती आणि त्यांचा साहेब शेड बघायला येणार होता. शेठ तडक मॅडमकडे गेला. "आमचा थिनर त्या रविराजच्या पेशींवर टाका, आणि एका निरोगी माणसाच्या पेशींवर टाका. निरोग्याला काय होणार नाही. साहेबांसमोरच करा, म्हणजे विषय संपला."

निरोगी माणूस कोण, हे त्यानं विचारलं नाही.

दोन दिवसांत त्याच्याकडून थिनरची बाटली आली. सीलबंद, वर नाव, कंपनी, सगळं छापलेलं. मी ती इनुसला दाखवली. त्यानं झाकण उघडून लांबूनच हुंगलं आणि मान हलवली. "ही आमची न्हाईच ताई. आमच्याकडं निळ्या ड्रममधनं येतं. त्या ड्रमवर चिठ्ठीबी नसती. वासानं डोळं झोंबत्यात."

"त्यातलं थोडं आणशील?"

"आणतो की. माजंच काम हाय ते काढायचं."

मॅडम आधी तयार होईनात. म्हणाल्या, ठरलंय ते एकाच बाटलीचं ठरलंय. मी वाद घातला नाही. इनुसला आत बोलावलं आणि त्याच्या हातात पेन दिलं, म्हटलं आपलं नाव लिही. त्याला पेन धरता येईना. मॅडमनी त्याची बोटं हातात घेऊन एकेक दाबून बघितलं. मग म्हणाल्या, "दोन्ही बाटल्या वापरू. पण माप एकच ठेवायचं. शेडमधल्या माणसाच्या अंगात जेवढं उतरू शकतं तेवढंच, थेंबभरही जास्त नाही. आणि सुषमा, रविराजच्या नमुन्यावरही टाकावं लागेल. दोन्ही एकसारखे दबले तरच म्हणता येईल की त्याच्यात वेगळा दोष नव्हता."

हे मला माहीत होतं. सूड घ्यायचा तर भावाच्या पेशींवर तेच विष माझ्याच हातानं टाकायचं होतं, जे त्यानं वर्षानुवर्षं श्वासात घेतलं.

घरी जाऊन आईला सांगितलं. आईनं कधी शाळा पाहिली नाही. तिचा बाप मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत जायचा आणि ती त्याच्या मागं फिरली. ती चुलीपुढून उठली नाही, भाकरी थापत राहिली.

"त्यात रविराज हाय का?" तिनं विचारलं.

"न्हाई आई. त्याच्या रक्तापासनं वाढवलंय. पण त्यो त्यात न्हाई."

"मग आवाज कशाचा म्हंतीस?"

"विजेचा. जित्या पेशीत वीज आसती."

आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "मला येऊंदी तितं," ती म्हणाली. "त्याला मारलं तवा मी नव्हते. आता तरी आसंन."

साहेब आले त्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यांना पांढरे कोट आणि मास्क दिले. साहेब उंच, कमी बोलणारे. शेठ त्यांच्या पुढं-पुढं करत होता. आई कोपऱ्यात स्टुलावर, रविराजची आई म्हणून मॅडमनी साहेबांना ओळख करून दिलेली, कोट तिच्या नऊवारीवर कसाबसा बसलेला. इनुस दाराशी. त्याला बघून शेठच्या कपाळावर आठी पडली, पण साहेबांसमोर तो काही बोलला नाही.

मी स्पीकर लावला. डाव्या हाताला रविराजचा नमुना, उजव्या हाताला निरोगी. दोन्हीकडून तडतड यायला लागली, बारीक, मधेच एकदम जोरात, मग पुन्हा बारीक. आई मान तिरकी करून ऐकत होती. "घोंगडीवर बारीक पाऊस पडतोय," ती स्वतःशीच म्हणाली.

"शेठ," मी म्हटलं, "उद्घाटनाला तुम्ही रक्त दिलं होतं, आठवतं का?"

"हो तर." शेठ साहेबांकडे वळला. "पहिलं रक्त माझं. फोटोसुद्धा आला होता, साहेब."

"मग ते साहेबांना मी सांगू का तुम्ही सांगता? आमचा निरोगी नमुना तुमचाच आहे. हा उजवीकडचा."

शेठ मोठ्यानं हसला. खरंच खूश झाला. "बघा साहेब. मी सांगितलं नव्हतं? तालुक्यात माझ्याएवढा निरोगी कोणी नाही. टाका, टाका, घाबरतो की काय."

मी त्याची सीलबंद बाटली उघडली आणि मॅडमनी ठरवलेल्या मापानं दोन्हीकडे टाकलं. आम्ही थांबलो. तडतड चालूच राहिली, डावीकडेही आणि उजवीकडेही. शेठनं हात पसरले. "झालं. शुद्ध माल आहे आमचा."

"तुमचा झाला," मी म्हटलं. "आता शेडमधला." आणि ट्रेमधली दुसरी बाटली उचलली.

"ते काय आहे?"

"तुमचंच थिनर. निळ्या ड्रममधलं. इनुसनं आणलंय."

मी ड्रॉपर भरला आणि उजव्या नमुन्याकडे हात नेला. शेठ पुढं झाला आणि त्यानं आपला पंजा भांड्यावर झाकण घातल्यासारखा आडवा धरला.

"हे नाही टाकायचं."

"का? थिनर तर थिनर."

"ते वेगळं आहे. ते... ते घाण असतं. माझ्यावर नाही टाकायचं." त्यानं डावीकडे बोट केलं. "त्याच्यावर टाक. तो तर गेलेलाच आहे."

मी इतक्या महिन्यांत मनात शेठला हजार शिव्या दिल्या होत्या, पण इतकं उघडं काही तो स्वतःच बोलेल असं मला वाटलं नव्हतं. साहेबांनी मास्क खाली ओढला.

"वेगळं आहे, हे तुम्हाला कसं माहीत?" त्यांनी विचारलं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "शेठ, नमुना तुमचा आहे. मागे घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. तसं सांगा, मी थांबवते. का मागे घेताय एवढं फक्त साहेबांना सांगा. नाहीतर हात काढा, भांडं खराब होईल."

त्यानं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी बघणं सोडलं नाही. शेठचा हात हळूहळू बाजूला झाला.

"सुषे," आई कोपऱ्यातून म्हणाली, "दोघांवर टाक. पर आदुगर त्याच्यावर."

मी टाकलं. शेठ स्वतःच्या तडतडीकडे कान लावून उभा होता, मीही. आधी जोराचे आवाज गेले. मग मधली अंतरं वाढली. मग एक इकडे, एक तिकडे. मग काही नाही. शेठचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाशी गेला. मला आनंद झाला, भरपूर झाला. तो कपाळ चाचपत होता आणि मी मनात म्हणत होते, चाचप.

मग डावीकडे रविराजच्या नमुन्यावर टाकायची वेळ आली, आणि माझा हात पुढं जाईना. आई उठून जवळ आली. तिनं माझ्या मनगटाखाली आपला हात धरला, ती तिच्या लहानपणी कोकराला दूध पाजताना वाटी धरायची तसा. थेंब पडला. रविराजची तडतडही तशीच गेली, त्याच क्रमानं, शेठच्याइतक्याच वेळात. मॅडमनी दोन्ही रेघा एकाखाली एक लावून साहेबांना दाखवल्या. दोघांत काही फरक नव्हता.

आईनं डोळ्याला पदर लावला. इनुस बाहेर निघून गेला.

साहेबांनी तिथंच सांगितलं, शेड आजपासून बंद, निळा ड्रम जसाच्या तसा तपासणीला जाईल, इनुसचा आणि बाकी सगळ्यांचा इलाज शेठ करेल, आणि हे होईपर्यंत त्यांची एकही ऑर्डर इथं येणार नाही. मग ते आईपुढं हात जोडून म्हणाले, "मावशी, तुमचं काही म्हणणं आहे?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "आमच्या गावी नदीवर एक माईक असतो. दोन महिन्यांनी रविराजचं वर्षश्राद्ध आहे. शेठनं यावं."

तो आला. यावंच लागलं, साहेबांनीही आपला एक माणूस पाठवला होता. तोच मांडव, तोच माईक, तेच पुढच्या सतरंजीवर बसणारे लोक. या वेळी माईक फिरवला नाही. आईनं तो उचलला, स्वतः एक शब्द बोलली नाही, आणि शेठच्या हातात दिला.

शेठनं घसा साफ केला. "मागच्या वर्षी मी इथं जे बोललो ते चुकीचं होतं. रविराजच्या डोक्यात काही दोष नव्हता. दोष आमच्या शेडमधल्या थिनरमध्ये होता." आणि तो माईक परत द्यायला लागला.

आईनं तो घेतला नाही. "फुडं," ती म्हणाली.

"काय पुढं?"

"माहीत व्हतं का न्हाई, त्ये सांगा."

शेठनं आजूबाजूला बघितलं. त्याची गाडी लांब उभी होती. "माहीत होतं," तो हळू म्हणाला, पण माईकला हळू कळत नाही. पलीकडच्या काठाला म्हशी धूत असलेला माणूस हात थांबवून आमच्या बाजूला बघायला लागला.

मागच्या रांगेत तीच बाई बसली होती. मी मुद्दाम शितलचा हात धरून तिच्यासमोरून गेले. तिनं पोरीला जवळ ओढून तिच्या हातात बुंदीचा लाडू दिला आणि माझी नजर टाळली. सूड घेऊन काही मिळत नाही असं महाराज प्रवचनात सांगत होते. मला मिळालं. त्या रात्री मी वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवले.

नंतर शेठनं मॅडमना कळवलं, की आपलं जे काही लॅबमध्ये असेल ते सगळं नष्ट करा. तो त्याचा हक्क होता. ते काम मॅडमनी मला सांगितलं आणि मी ते नियमानं केलं, एक कुपी मागं ठेवली नाही. रविराजचा एक गोळा मी तपासणीपासून बाजूला ठेवला होता, मॅडमना सांगून. तो अजून आहे. सोमवारी मी त्याचं पाणी बदललं, स्पीकर लावला, तडतड चांगली येत होती.

"आता नवा निरोगी नमुना लागेल," मॅडम शेजारची रिकामी जागा पुसत म्हणाल्या. "कोणाला तरी विचारावं लागेल."

"कुणाला कशाला विचारता," मी म्हटलं. "रविराजची बहीण आहे मी." आणि बाही वर केली.